न दिलेला शब्द

जरा कल्पना कर. एक बुटकं लाकडी स्टूल आहे. त्यावर बस. डाव्या खांद्याला जाड काळा पडदा लागतोय, त्याला धुळीचा वास आहे. मांडीवर वही आहे, हातात पेन्सिल. समोर रंगमंच आहे, पण प्रेक्षकांना दिसतो तसा तो तुला दिसत नाही. तुला दिसतात नटांचे पाय, त्यांची पाठ आणि कधीमधी एखाद्या कानाची पाळी. तू मात्र कुणालाच दिसत नाहीस. टाळ्या वाजतील तेव्हा तुला पुढे येऊन उभं राहायचं नाही. तरीही सगळं नाटक तुझ्या ओठांवर तोललेलं आहे, कारण बोलणारा मधेच अडला तर त्याला पुढचा शब्द तूच देणार आहेस.

नीट बसून झालं? मग आता स्टूल रिकामं कर, कारण ते मुंगीचं आहे.

मुंगी अकरा वर्षांची होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच राहत असे. बाकी सगळे तिला मुंगी म्हणत, कारण ती लहानखुरी होती आणि एकदा मनात घेतलं की आपल्या दुप्पट ओझं उचलून भिंत चढायला निघायची. तिची नाटकमंडळी एका सुतारकारखान्याच्या माडीवर जमायची. खाली पाच वाजता करवत थांबे, आणि ती थांबली की वर तालीम सुरू होई. जिन्यात भुसा, वर सरसाचा वास, आणि तालमीहून घरी आलेल्या प्रत्येक पोराच्या केसांत लाकडाची एखादी तरी चोय.

मंडळीचे मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. ते सकाळी घरोघर टपाल वाटत आणि संध्याकाळी मुलांना नाटक शिकवत. नाटकं ते स्वतःच लिहीत, बहुतेक चालता चालता. दुसऱ्यांची पत्रं वाटून वाटून मला लिहायची सवय लागली, असं ते गमतीत म्हणायचे. यंदाचं नाटक मात्र गमतीचं नव्हतं. मुलांच्या नाटकात सहसा ससे असतात, पऱ्या असतात. मास्तरांनी एका राजाची शोकांतिका लिहिली होती, आणि मुलांना ती झेपेल यावर त्यांचा पुरता विश्वास होता.

गोष्ट अशी होती. एक म्हातारा राजा लढाईला जातो आणि जाताना शहराच्या दरवाजाची किल्ली आपल्या सेनापतीकडे देतो. सांगतो, माझं शिंग वाजलं की उघड. राजा लढाई हरतो. वादळात, शत्रू पाठलागावर असताना, दारापाशी येतो आणि शिंग वाजवतो. एकदा, दोनदा, तीनदा. सेनापती आत उभा आहे, किल्ली हातात आहे. तो हलत नाही. सकाळी राजा भिंतीबाहेर मेलेला सापडतो. सेनापती कानावर हात ठेवतो. म्हणतो, वारा इतका होता की शिंग ऐकूच आलं नाही. लोक त्याचं ऐकतात आणि त्यालाच गादीवर बसवतात.

पण राजा झाल्यापासून त्याला बंद दार सहन होईना. दार दिसलं की त्याच्या घशाला कोरड पडे. आधी त्याने आपल्या खोलीचं दार काढायला लावलं, मग राजवाड्याची सगळी दारं बिजागऱ्यांसकट उपटली. शेवटी शहराचा मोठा दरवाजाही काढला. आणि मग शत्रू पुन्हा आला, तेव्हा त्याला ठोठावण्यापुरतीही फळी शिल्लक नव्हती.

सेनापतीचं काम डफलीला मिळालं होतं. डफली मुंगीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचा आवाज असा, की ती माडीवर कुजबुजली तरी खाली सुतार मान वर करून बघायचे. नुसता आवाजच नव्हता. ती सेनापती झाली की आपण तिला ओळखतो हेच विसरायला होई. दार काढायचा हुकूम देताना ती ओरडायची नाही. नुसती त्या दाराकडे पाठ करायची. मास्तरांनी तिला तसं सांगितलेलंही नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं होतं.

मुंगीला तेच काम हवं होतं. निवडीच्या दिवशी ती सगळं नाटक पाठ करून आली होती, स्वतःचं, दुसऱ्यांचं, अगदी पहारेकऱ्याच्या खोकल्यासकट. मास्तरांनी तिचं कौतुक केलं, आणि काम डफलीला दिलं. मुंगीला म्हणाले की इतकं पाठ असणारं माणूस वहीवर हवं. शिवाय डफली कधी आजारी पडलीच, तर तिच्या जागी तूच.

घरी आई इस्त्रीचं काम करायची. लोकांचे कपडे यायचे, कडक होऊन जायचे. मुंगी घड्या घालायला बसे आणि घड्या घालता घालता सेनापती होई. आई एकदा म्हणाली, "अगं, उशीचा अभ्रा आहे तो. त्याला देहदंड कशाला देतेस?" मुंगी हसली, पण रात्री अंथरुणात तिने तोच देहदंड पुन्हा एकदा, जरा जास्त चांगल्या आवाजात दिला.

वहीवर कसं बसायचं ते तिला पुटपुटे काकांनी शिकवलं. मोठ्या नाट्यगृहात त्यांनी चाळीस वर्षं पडद्याआड बसून नटांना शब्द दिले होते. सतत ओठ हलवायची सवय लागली, म्हणून नाव पडलं पुटपुटे. आता घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज हातभर अंतरापलीकडे जात नसे, तरी तालमीला ते न चुकता येत. त्यांच्या धंद्यात 'शब्द देणं' म्हणजे वचन देणं नव्हे, अडलेल्याला पुढचा शब्द सांगणं. ते म्हणत, "जगात माणसं शब्द देतात आणि विसरतात. आपण विसरणाऱ्याला शब्द देतो. धंदा उलटा आहे आपला."

त्यांचे नियम थोडे होते. शब्द एकच द्यायचा, वाक्य नाही. एका शब्दावर नट उभा राहतो, अख्खं वाक्य दिलं की तो पोपट होतो. नट थांबला की मनात तीन मोजायचे आणि मग द्यायचा. पण नट जिथे मुद्दाम थांबणार असेल, तिथे शब्द दिला तर नाटकाचं वाटोळं. म्हणून मुद्दाम घ्यायच्या प्रत्येक विरामावर काका वहीत पेन्सिलीने फुली मारत. त्यांच्या फुलीचा एक हात नेहमी लांब असे. फुली असेल तर मोजायचंच नाही.

"आणि फुली मारायची राहिली असेल तर?" मुंगीने विचारलं होतं.

"तर पाय बघ," काका म्हणाले. "विराम घेणाऱ्याचे पाय जमिनीत असतात. विसरलेल्याची टाच उचलते. चेहरा फसवतो पोरी, टाच फसवत नाही."

मुंगीने ते लक्षात ठेवलं. नुसतं लक्षात ठेवलं असं नाही, दोन महिन्यांत ती इतकी तयार झाली की नट अडायच्या आधीच तिला कळायचं. शब्द ती असा सोडायची की ज्याला हवा त्यालाच ऐकू जावा. काका मास्तरांना म्हणाले की हिच्याएवढा असताना मला टाच म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

मग तो दिवस आला. मोठ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई तालीम बघायला माडीवर येणार होत्या. त्यांना आवडलं तर पुढच्या रविवारी दुपारचा खेळ त्यांच्या रंगमंचावर, खऱ्या दिव्यांत. मास्तरांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली. पुटपुटे काका बाईंच्या मागे, शेवटच्या बाकावर बसले.

पहिले दोन अंक सुरेख झाले. तिसऱ्या अंकात राजा झालेला सेनापती रिकाम्या चौकटीसमोर उभा राहून पहिल्यांदा खरं बोलतो. डफली म्हणाली, "शिंग एकदा वाजलं, मी ऐकलं. शिंग दुसऱ्यांदा वाजलं, मी ऐकलं. तिसऱ्यांदा वाजलं."

आणि थांबली.

पुढचा शब्द होता 'किल्ली'. 'किल्ली माझ्या मुठीत गरम झाली होती.' वहीत तिथे फुली नव्हती. मुंगीने मोजलं, एक, दोन, तीन. आणि तिला डफलीची उजवी टाच दिसली. जमिनीपासून बोटभर वर.

शब्द मुंगीच्या जिभेवर होता. नुसते ओठ उघडायचे होते.

पहिले तीन आकडे ती काकांच्या नियमाने थांबली होती. चौथ्या आकड्याला ती स्वतःसाठी थांबली. पाचाला तिच्या मनात आलं की हे सगळं मला येतं. सहाला आलं की बाईंना ते कळायला हवं. सातानंतर काहीच आलं नाही, फक्त आकडे आले. अकराला डफली अगदी बारीक आवाजात, म्हणजे स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मला पुढचं येत नाही," आणि पडद्याआड निघून गेली.

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले आणि मुंगीला खूण केली. मुंगी स्टुलावरून उठून चौकटीसमोर गेली आणि 'किल्ली'पासून शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता बोलली. बाई म्हणाल्या, रविवार पक्का.

सगळे पांगल्यावर मास्तरांनी विचारलं, "शब्द का नाही दिलास गं?"

"मला वाटलं विराम आहे."

"फुली आहे का तिथे?"

"असेल. बघते," मुंगी म्हणाली, आणि वही दप्तरात घालून घरी घेऊन आली. आई पलीकडे शर्टांच्या कॉलरी दाबत होती. मुंगीने वही उघडली, ती ओळ काढली आणि तिच्यावर एक फुली मारली. एक हात लांब.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फुली पाहिली आणि काकांना बोलावलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वही खिडकीपाशी नेली. सगळी मुलं बघत होती. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते, आणि त्यातून काय निघत होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले की फुली आपलीच दिसते. इथे का मारली असेल ते आठवत नाही, पण हात आपलाच आहे. डफलीजवळ जाऊन त्यांनी तिला सांगितलं की चूक माझी, तुझी नाही. मग पेन्सिल मास्तरांच्या हातात ठेवली. आता माझ्या खुणांवर भरवसा ठेवू नका, असं म्हणून जिन्याचा कठडा धरत धरत खाली उतरले. मुंगी मूग गिळून बसली होती. त्यानंतरच्या तालमीला काका आले नाहीत. तिच्या पुढच्या तालमीलाही नाहीत.

बाईंनी शेवट मुंगीच्या तोंडून ऐकून खेळ पक्का केला होता, म्हणून सेनापतीचं काम आता तिलाच मिळालं होतं. अंगरखा तिला लांब होता, तो आईने आत मुडपून दिला. आणि ती काम खरोखर चांगलं करत होती. 'मी राजाला मारलं नाही, मी फक्त दार उघडलं नाही,' हे वाक्य आलं की तिचा आवाज आपोआप फाटायचा. मास्तर म्हणायचे, हे कुठून आणलंस पोरी? एका मुलीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. जितकं कौतुक होई, तितका मुंगीचा जीव कोंडायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय असतं ते तिला आता कळत होतं. वहीतलं ते पान उघडायला नको म्हणून तिने दोन पानं चिमट्याने एकत्र लावली. घरी आईने सहज विचारलं की काका बरे आहेत ना, तर मुंगी तिच्यावर खेकसली. आईने इस्त्री उभी केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॉलरी दाबायला लागली. ती ओरडली असती तर मुंगीला बरं वाटलं असतं.

डफली मात्र रोज येत होती. तिची जागा गेली म्हणून ना रुसली, ना घरी बसली. पडद्याच्या दोरीवर माणूस हवं होतं, ती दोरीवर उभी राहिली. पडदा उघडायचा असेल तेव्हा तो पाण्यासारखा उघडायचा. सेनापतीचं काम काढून घेतलं तरी तिच्यातलं काम कुणाला काढून घेता आलं नव्हतं.

रविवारच्या चार दिवस आधी तालीम सुरू होण्यापूर्वी दोघीच माडीवर होत्या. डफली दोरीला टेकून डोळे मिटून काहीतरी म्हणत होती. मुंगीला वाटलं, सेनापतीचे संवाद. जवळ जाऊन ऐकलं तर तो सतराचा पाढा होता.

"ऐक ना जरा," डफली म्हणाली. "चुकले तर सांग." आणि तिने सतराचा म्हटला, मग अठराचा, मग एकोणिसाचा सटासट. एकही आकडा हुकला नाही.

"चुकलं का कुठे?"

"नाही."

"रोज म्हणते मी. एकदाही नाही चुकत," डफली म्हणाली. "मग त्या दिवशीच काय झालं गं? काका म्हणाले चूक त्यांची. पण मी तर विसरलेच होते ना? दादा म्हणतो, डोक्याला गंज चढला. तो चेष्टा करतो, पण मला रात्री भीती वाटते. उद्या पेपरात असंच सगळं पांढरं झालं तर?"

मुंगीच्या हातात अंगरख्याची बाही होती. तिने ती सोडली.

"तू विसरलीस तेव्हा तुझी टाच उचलली होती," ती म्हणाली. "उजवी. मी पाहिली. शब्द माझ्या तोंडात होता, मी तो दिला नाही."

डफलीला आधी कळलंच नाही. "म्हणजे फुली होती म्हणून ना?"

"फुली नव्हती. ती मी नंतर मारली. घरी. काकांसारखी."

खाली करवत एका जाड फळीत अडकून किंचाळली आणि पुन्हा सुरळीत चालू लागली. डफलीने दोरी खुंटीला गुंडाळली, नीट, तीन वेढे देऊन.

"सगळे विसरतात," ती सावकाश म्हणाली. "म्हणूनच तर तू तिथे असतेस." एवढंच बोलून ती जिना उतरून गेली.

त्या दिवशी मुंगी तालमीला थांबली नाही. ती पुटपुटे काकांच्या खोलीवर गेली. दोन जिने वर, एक खाट, एक खिडकी, आणि भिंतीला लावून जुन्या नाटकांच्या वह्यांची कमरेएवढी चळत. काकांनी सगळ्यांत वरची वही मांडीवर घेतली होती आणि भिंगातून एकेक फुली तपासत होते. किती चुकल्या ते शोधत होते. चाळीस वर्षांच्या फुल्या.

मुंगीने दारातच सगळं सांगितलं. घाईघाईने नाही. टाच, अकरा आकडे, पेन्सिल.

काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यांच्या फाटक्या आवाजात ते म्हणाले की मला वेड्यात काढलंस त्याचं काही नाही, म्हातारा माणूस चुकतोच. पण माझी खूण चोरलीस. ज्या खुणेवर एक माणूस डोळे मिटून दुसऱ्यावर विसंबतो, ती चोरलीस. मुंगी उभीच राहिली. बस म्हणाले नाहीत, म्हणून बसली नाही.

शेवटी काकांनी विचारलं, "पोरगी अकरा आकडे उभी होती?"

"हो."

"मी मागच्या बाकावरून चेहरा बघत होतो. तोंडावर रेघसुद्धा हलली नव्हती. मला वाटलं, काय विराम घेतलाय." त्यांच्या डोळ्यांत आता काहीतरी चमकलं. "आतून सगळं कोसळत असताना अकरा आकडे उभी राहिली. वा! मोठमोठे पाचाला पळतात." मग त्यांनी मुंगीकडे पाहिलं. "आणि तुला इथवर यायला किती जिने चढावे लागले?"

"दोन," मुंगी म्हणाली.

"दोन नाहीत," काका म्हणाले, आणि खाटेवर तिच्यासाठी जागा केली.

थांब. इथे मी तुला विचारणार होतो की तू पुढे काय केलं असतंस. पण ते मनातच ठेव, मुंगीने काय केलं ते आधी ऐक.

दुसऱ्या दिवशी ती काकांना हात धरून माडीवर घेऊन आली. सगळ्यांना बसायला सांगितलं. चिमटा काढला, वहीतलं ते पान उघडून सगळ्यांपुढे धरलं आणि म्हणाली, "ही फुली काकांची नाही. माझी आहे. डफली चुकली नव्हती, काकाही चुकले नव्हते. मी शब्द दिला नाही." मागून कुणीतरी 'चोरटी' म्हणालं. मुंगीने ऐकलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं नाही. "हो," म्हणाली.

मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर बसून होते. टपालाची पिशवी अजून खांद्यावरच होती. ते आवाज न चढवता म्हणाले की सेनापतीचं काम डफलीचं आहे, तिला हवं असेल तर. वही मुंगीकडे राहणार नाही. मुंगीने मान हलवली. मग ते म्हणाले, "माझ्या सेनापतीला मी तीन अंक दिले होते. त्याला हे चौकटीपुढे, एकटं असतानाच बोलता आलं. माणसांपुढे नाही." आणि एवढ्या वेळाने त्यांनी पिशवी खाली ठेवली.

डफलीने काम घेतलं. पण वहीवर कोण बसणार? काकांचा आवाज पोहोचत नव्हता, दुसऱ्या कुणाला टाच वाचता येत नव्हती. उरली होती मुंगी. सगळे डफलीकडे बघू लागले.

"नको," डफली म्हणाली. "स्टूल रिकामंच राहू दे. मला कुणाचाच शब्द नको."

मुंगीने अंगरख्याची आईने घातलेली टीप उसवायला घेतली. डफलीला तो पूर्ण लांबीचा लागणार होता. निघताना डफली तिच्यापाशी येऊन थांबली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"उद्या साडेचारला ये," ती म्हणाली. "खाली करवत चालू असते तेव्हा. मला त्या आवाजात सगळं नाटक म्हणायचंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणीतरी पाय बघायला हवं. अडले तरी बोलायचं नाही. नंतर सांगायचं, कुठे कुठे ते. खरं सांगायचं."

"सांगेन," मुंगी म्हणाली.

"बघू," डफली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुंगी चारलाच येऊन बसली. स्टुलावर नाही, समोर जमिनीवर, जिथून दोन्ही टाचा सारख्याच स्पष्ट दिसतात. वही तिने आणलीच नव्हती. साडेचारला डफली आली, जागेवर गेली आणि उभी राहिली. खाली करवत सुरू होती. मुंगीने दोन्ही हात मांडीखाली घेतले, ओठ घट्ट मिटले आणि पाहायला लागली.